पाटीवरचे रंग

फार पूर्वी, रानातल्या प्राण्यांना लिहितावाचता येत होतं तेव्हाची ही गोष्ट. एका रानात चेंडूफळी खेळणारा नामांकित संघ होता. मैदानाच्या कडेला सागाची पाटी होती आणि तिच्यावर संघमालकाचं नाव. अस्वलशेठांनी नुकताच तो संघ विकत घेतला होता. काळ्या रंगाचा डबा आणि कुंचला घेऊन ते पाटीपाशी आले आणि म्हणाले, "उद्यापासून संघ नदीपलीकडे, माझ्या रानात खेळणार." बघायला जमलेल्यांचे चेहरे उतरले, पण मालकापुढे बोलणार कोण?

सुतारपक्ष्याच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. "शेठ, तुमच्याआधी मालक कोण होतं हो?"

"वानर. दिसतंय की पिवळ्या रंगात."

"आणि वानराच्या आधी?"

"मला काय ठाऊक!"

सुतारपक्ष्याला राहवेना. त्यानं चोचीनं पिवळा पापुद्रा उडवला. खाली निळ्या रंगात गव्याचं नाव निघालं. निळ्याखाली लाल, त्यात हत्तीचं. आता शेठही वाकून बघू लागले. "अजून उकर. पहिला कोण, ते तरी कळू दे."

लाल रंगाखाली कोरं लाकूड लागलं. त्यावर कुणीतरी नखानं कोरलं होतं : 'रोज उन्हं कलली की इथं खेळू. ज्याला यायचं त्यानं यावं.'

"खाली नाव?"

"नाही, शेठ."

शेठांनी ती अक्षरं पुन्हा एकदा वाचली. मग त्यांनी कुंचला खाली ठेवला, सूर्याकडे पाहिलं आणि संकोचून विचारलं, "उन्हं कलायला अजून किती वेळ आहे रे?"