चकव्याच्या माळावरच्या दोघी

एकदा काय झालं, नव्या सुनेनं ऐकू नये ते ऐकलं.

ती पालाच्या मागं चुलीसाठी काटक्या मोडत होती. पालाच्या पुढं तिची सासू भागूबाई थोरल्या लेकाला, मायाप्पाला, सांगत होती, "पोरगी गुणाची हाय रं. कामाला वाघीण. पण तिच्या तोंडातनं शब्द निघंस्तोवर आपली मेंढरं दुसऱ्या राजाच्या राज्यात जातील."

मायाप्पा हसला. त्याचं हसणंसुद्धा हाक मारल्यासारखं होतं.

सुनेचं नाव धुरपा. तिनं हातातली काटकी जरा जास्तच बारीक मोडली आणि चुलीत घातली. पण पदराला सुपारी बांधावी तशी ती गोष्ट तिनं मनाशी बांधून ठेवली, बरं का.

तर हे होतं धनगराचं बिऱ्हाड. आज इथं, उद्या तिथं. दारात पिंगी नावाची कुत्री. तिचं काम भाकरी खायची आणि परक्यावर भुंकायचं. मेंढरं वळवायचं काम माणसांचं. वळवायचं म्हणजे मायाप्पानं ओरडायचं आणि सिदूनं पळायचं. सिदू हा धाकटा लेक, धुरपाचा नवरा. रोज संध्याकाळी धुरपा त्याच्या पायातले काटे काढायची. काढता काढता तिच्या मनात आलं, माझ्या नवऱ्याला पाय दोन, पिंगीला चार. मग पळायचं कुणी?

मग पहिल्या दिवशी तिनं पिंगीला मेंढरांवर सोडलं. पिंगी आनंदानं थेट मधोमध घुसली. मडकं फुटून ज्वारी पसरावी तशी मेंढरं माळभर पसरली. एक मेंढा तर भागूबाईच्या घोंगडीवर जाऊन बसला. भागूबाई घोंगडीतच होती.

दुसऱ्या दिवशी सगळे शिकवायला धावले. मायाप्पा म्हणे वळीव, सिदू म्हणे थांब, सासू म्हणे आगं तिकडनं न्हवं, हिकडनं. पिंगीनं तिघांकडं पाहिलं, खाली बसली आणि कान खाजवला. धुरपाला तिची कीव आली. ह्या घरात नवीन आल्यावर तिचंही अगदी असंच झालं होतं.

मग तिसऱ्या दिवशी ती पिंगीला घेऊन एकटीच लांब गेली. मेंढरंही थोडीच नेली. हातात सासूनं दिलेली काठी धरली आणि नुसती उभी राहिली. म्हणाली फक्त "हं". तेसुद्धा हळू, चुलीवरच्या दुधाला म्हणावं तसं. पिंगी मेंढरांना लांबून वळसा घालून पार पलीकडं गेली. धुरपा एका जागी, कुत्री समोर, मधे मेंढरं. मग मेंढरं आपसूक चालत धुरपाच्या पायाशी आली. आधीचे दोन दिवस माणसंच मधे मधे पळत होती, म्हणून कुत्रीला जागा सापडत नव्हती. बघा, म्हणजे काही कामं उभं राहून होतात.

त्या दिवसापासून पिंगी मेंढरं वळवायला लागली. कळपाला उजव्या हाताला ठेवून गोल फिरायची, देवाला प्रदक्षिणा घालावी तशी. भागूबाईनं कौतुकानं तिच्या कपाळाला भंडारा लावला. सूनबाईचं कौतुक करायचं मात्र राहून गेलं.

पण पुढं काय झालं, ऐका. त्या साली गवत संपलं. मेंढरं घोंगडीच्या दशा चघळायला लागली. हिरवं खोरं होतं, पण ते दुसऱ्या राजाचं. त्या राजानं दवंडी पिटली होती की जो कळप माझ्या खोऱ्यात येईल त्यानं खुशाल चरावं. राजा काही फार उदार नव्हता. त्याला ठाऊक होतं की कुणी येणारच नाही. कारण मधे होता चकव्याचा माळ.

चकवा म्हणजे कोण? त्याला हात नाहीत, पाय नाहीत. तो चावत नाही, मारत नाही. तो फक्त वाट वळवतो. माणूस चालत राहतो, चालत राहतो आणि जिथून निघाला तिथंच येतो. पण खोऱ्यात पोचलं नाही, तर कळप भुकेनं मरणार होता. जावं तर लागणारच होतं.

मग पहिल्यांदा मायाप्पा गेला. माळावर जाऊन ओरडला, "चला रं, सरळ चला." चकव्याला एकदा ऐकलेला आवाज पाठ होतो. मग मायाप्पाचाच आवाज डावीकडून आला, उजवीकडून आला, मागून आला. मेंढरांनी ऐकायचं कुणाचं? संध्याकाळी कळप निघाला होता त्याच बाभळीखाली परत. मायाप्पाचा घसा पार बसला. त्यानंतर पालात जी शांतता झाली, ती धुरपाला फार गोड लागली.

"बोलका हरला," भागूबाई म्हणाली. "आता मुकीला धाडा."

मग धुरपा पिंगीला घेऊन गेली. ती आपली म्हणायची "हं", इतकं हळू की चकव्याला ऐकूच येईना. त्यानं कान टवकारले, वारा थांबवला. काही नाही. मग तो रागावला. त्यानं वाट धरली आणि तिला पीळ घातला. बाभूळ आली, गेली, पुन्हा आली. पिंगी जीव तोडून कळपाभोवती फिरत होती. पण तिचा फेरा ज्या बाजूनं, त्याच बाजूनं चकव्याचा पीळ. ती जितकी फिरे तितकी वाट आवळत जाई. संध्याकाळी कळप पुन्हा त्याच बाभळीखाली. आणि त्यात एक कोकरू नव्हतं.

पांढऱ्या कानाचं कोकरू. त्याची आई मेली होती. भागूबाईनं त्याला मांडीवर घेऊन शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. त्या संध्याकाळी भागूबाई काही बोलली नाही. टोमणा नाही, उसासा नाही. नुसती हातातल्या रिकाम्या वाटीकडं बघत बसली. आजवरच्या सगळ्या बोलण्यापेक्षा धुरपाला ते जास्त लागलं.

मग ती टकळी घेऊन लोकर कातत बसली. हात कातत होता, मन माळावर होतं. सुताला पीळ जास्त झाला, सूत स्वतःभोवतीच गुंडाळलं, गाठ बसली. धुरपानं टकळी उलटी फिरवली. गाठ सुटली.

ती टकळीकडं बघत राहिली. मग पिंगीकडं बघितलं. मग आपल्या उजव्या हाताकडं. काठी कायम ह्या हातात. कुत्री काठीला भिते, म्हणून पहिल्या दिवसापासून पिंगी डावीकडूनच निघायची. शिकवणारीच्या हातातली काठी कुत्रीच्या पायात उतरली होती. धुरपानं काठी टाकून पाहिली, ह्या हातातली त्या हातात घेऊन पाहिली. पण पिंगीच्या पायांना आता तीच वाट पाठ.

म्हणजे दुसरी कुत्री हवी. आणि पिंगीसारखी नको.

दुसऱ्या दिवशी ती सिदू आणि मायाप्पाला घेऊन नदीकाठच्या एका म्हातारीकडं गेली. म्हातारीच्या कुत्रीला तीन पिल्लं होती. पहिलं चांगलं दांडगं. आल्या आल्या त्यानं मायाप्पाचं धोतर धरलं. मायाप्पा बसक्या आवाजात म्हणाला, "हेच घ्या. वाघ हाय." दुसरं गोजिरवाणं. ते सिदूच्या पायावर झोपून गेलं. सिदू म्हणाला, "हे घेऊ या." त्याला आता पाय हलवायची इच्छाच नव्हती.

तिसऱ्याच्या कपाळावर पांढरा ठिपका. ते कुणाकडंच आलं नाही. ते म्हातारीच्या कोंबड्यांकडं बघत होतं. मग उठलं, कोंबड्यांना लांबून वळसा घातला आणि सगळ्या कोंबड्या गोळा करून धुरपासमोर आणल्या. पण वळसा घातला उजवीकडून. उलटा.

"ते नगं, बाई," म्हातारी म्हणाली. "उलटी फिरती ती. दोनदा नेली लोकांनी, दोनदा आणून टाकली. देवाच्या उलटा फेरा घालणारं जनावर घरात ठेवू नये म्हंत्यात."

धुरपानं पिल्लू उचललं आणि ओटीत घेतलं. नव्या सुनेची ओटी नारळानं भरतात. हिची अशी भरली.

घरी भागूबाईनं कपाळाला हात लावला. धुरपानं पिल्लाचं नाव टिकली ठेवलं आणि शिकवायला घेतलं. ह्या वेळी काठी पालातच ठेवली. टिकलीला पिंगीबरोबर हुंदडू दिलं नाही. दोघींचे धडे वेगळे आणि दोघींचे शब्द वेगळे. पिंगीला "हं". टिकलीला नुसता जिभेचा आवाज, टक्. पिल्लू एवढ्यात मोठं कसं झालं म्हणून विचारू नका. गोष्टीतली पिल्लं लवकर मोठी होतात.

मग तिसऱ्यांदा निघाले. ह्या वेळी सगळं बिऱ्हाड निघालं. घोड्यावर पाल, पालावर भांडी, भांड्यांवर भागूबाई, वाटभर बोलत. मागं राहावं असं काही उरलंच नव्हतं. मेंढरांच्या बरगड्या दिसत होत्या. आज पोचले तर पोचले.

माळ सुरू झाला. बाभूळ आली. चकव्यानं वाटेला पीळ घातला. धुरपा म्हणाली "हं". पिंगी डावीकडून निघाली. कळप वळायला लागला, वाट आवळायला लागली. मग धुरपानं हळूच जीभ वाजवली, टक्. टिकली उजवीकडून सुटली, वाऱ्यासारखी. तिनं उलटा फेरा घातला आणि पिळाचा एक वेढा सुटला. चकव्यानं पुन्हा पीळ घातला. टिकलीनं पुन्हा उलगडला. एक कुत्री कळप धरून ठेवी, दुसरी वाट सोडवी. मधून धुरपा चालली होती, ताकातून रवी जावी तशी.

बाभूळ आली, मागं गेली, आणि पुन्हा आलीच नाही.

मग चकव्यानं शेवटचा डाव टाकला. भागूबाईचा आवाज काढला. "आगं धुरपे, कोकरू सापडलं, माघारी फीर." सिदू थबकला. मायाप्पा वळला. धुरपाचंही पाऊल अडखळलं. घोड्यावरची खरी भागूबाई स्वतःचाच आवाज ऐकून गप्प झाली. असं तिच्या जन्मात पहिल्यांदाच झालं.

धुरपानं कुत्र्यांकडं बघितलं. पिंगीचा कान हलला नाही. टिकलीची शेपटी हलली नाही. त्या दोघी कुणाच्या बोलण्यावर चालतच नव्हत्या. त्यांना फक्त दोन शब्द ठाऊक होते, आणि ते चकव्यानं कधी ऐकलेच नव्हते.

टक्, केलं धुरपानं.

टिकलीनं शेवटचा फेरा घातला. सगळी वाट एका झटक्यात सुटली, ताणलेल्या सुतासारखी सरळ झाली. चकवा लोकरीच्या पुंजक्यासारखा उडून गेला. आणि पिळाच्या शेवटच्या वेढ्यात कोण उभं होतं? पांढऱ्या कानाचं कोकरू. जरा चिडलेलं होतं, बाकी ठीक होतं. ते धावत सुटलं ते थेट घोड्यापाशी. भागूबाईनं खाली उतरून त्याला पोटाशी धरलं. मग डोळे पुसून ओला झालेला हात तसाच टिकलीच्या कपाळावरच्या ठिपक्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला.

आणि समोर खोरं, गुडघाभर गवताचं. राजाला दवंडी मागं घेता येईना. मेंढरं चरली, धष्टपुष्ट झाली. मायाप्पाचा आवाज परत आला, तेवढं सोडलं तर सगळे सुखात राहिले. ते सुखात राहिले तसे तुम्हीही राहा.

पण थांबा, एक सांगायचं राहिलं. खोऱ्यातली ती पहिली संध्याकाळ. मेंढरं पोटभर चरून बसली होती. सगळे दमलेले, पण झोपायला कुणी तयार नाही. मायाप्पा म्हणे, मी राखतो. सिदू म्हणे, मी. भागूबाई म्हणे, परकं रान, परका राजा, कुणी डोळा लावायचा नाही. धुरपानं कोकराला पांघरूण घातलं. पिंगी कळपाच्या डाव्या अंगाला बसली होती, टिकली उजव्या. दोघींच्या माना वर. मग धुरपानं मनाशी बांधलेली ती जुनी गाठ सोडली आणि सगळ्यांकडं बघून म्हणाली,

"आत्याबाई, मेंढरं दुसऱ्या राजाच्या राज्यात आली. आता माझा शब्द निघाला. झोपा सगळे. दोघी जाग्या आहेत."