कवडीचा शेवटचा पाय

घाटाखालच्या एका गावात एक म्हातारा चाबूकस्वार राहत होता. चाबूकस्वार म्हणजे नव्या घोड्यांना स्वारीची सवय लावणारा. याच्या हातात मात्र कुणी कधी चाबूक पाहिला नव्हता. कवडी नावाची तांबडी घोडी त्याची फार लाडकी. ती जन्मली आणि तिची आई गेली, तेव्हा त्याने गाईच्या दुधात बोटं बुडवून, ती चाटवून तिला वाढवलं होतं. कपाळावर कवडीएवढा पांढरा ठिपका, म्हणून ती कवडी.

म्हाताऱ्याचे गुडघे थकले, तसं घाटावरच्या ठाण्यात निरोप पोहोचवायचं त्याचं दुसरं काम मुलाकडे आलं. कवडीही त्याच्याकडे आली.

"पाठ सरळ, खांदे सैल, आणि भार पायांखालच्या दोन्ही रिकिबींवर सारखा," बाप म्हणाला. "एवढं केलंस तर ती तुला जन्मभर नेईल."

मुलगा आठ दिवस तसा बसला. मग पेठेतून जाताना लोक आपल्याकडे बघतात हे त्याच्या ध्यानात आलं, आणि झालं! एक हात कमरेवर, मान तिरपी, सगळं अंग डावीकडे कललेलं. लोकही असे की म्हणायचे, "काय ऐट आहे गड्याची!"

बाप अंगणातून बघायचा आणि त्याचा जीव तुटायचा.

"अरे, सरळ बस की."

"आबा, तीन वर्षांत एकदा तरी पडलोय का मी?"

"ती तुला पडू देत नाही म्हणून. तू कललास की ती त्या अंगाला पाय टाकते, तुझ्या भाराखाली येते. तोल तुझा जातो, सावरते ती. तिच्या पाठीला विचार एकदा."

"जनावर आहे ते, आबा. तुम्ही तर तिला लेकच करून ठेवलीत."

म्हातारा घरात वळला. पालथ्या घड्यावर पाणी ओतणार तरी किती?

एका बाजाराच्या दिवशी मुलगा घाट चढत होता. वळणावर वाट जेमतेम एका घोड्यापुरती. उजवीकडे कडा, डावीकडे दरी. खाली नदीकाठी त्याचे सोबती उभे होते. त्यांनी हाका मारल्या. याने डावीकडे अंग झोकून दिलं आणि ऐटीत हात हलवला.

कवडीने रोजचंच केलं. धन्याचा तोल जातोय हे तिला पाठीवर कळलं, आणि त्याला सावरायला तिने डावा पाय बाजूला टाकला. तिथे जमीन नव्हती.

मुलगा दरीच्या काठाशी करवंदीच्या जाळीत अडकला. कवडी खाली गेली.

लोकांनी मुलाला जाळीतून सोडवलं आणि म्हाताऱ्याला हाताला धरून, दोघांनाही दरीत नेलं. कवडीत अजून धुगधुगी होती. त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिने त्याची बोटं चाटली, दूध प्यायची तशी. थोड्या वेळाने तेही थांबलं.

मुलाने खोगीर उतरवलं. पाठीची उजवी बाजू तांबडी, तुकतुकीत होती. डावीकडे खोगीर रुतून रुतून केस पांढरे झाले होते. ते पांढरे केस तो रोज बघत होता. वयाने होत असतील, असं त्याला वाटायचं. कवडी अवघी नऊ वर्षांची होती.

"आबा, मला मारा," तो हुंदके देत म्हणाला.

"मारून ती उठेल का? शेवटचा पायसुद्धा तिने तुझ्यासाठीच टाकला, पोरा," म्हातारा म्हणाला.

मुलाने खोगीर डोक्यावर घेतलं आणि तो घरच्या वाटेला लागला. लोक म्हणाले, "वाचलास रे! नशीब थोर तुझं." त्याने मान खालीच ठेवली असती, पण डोक्यावर ओझं होतं. ते पडू नये म्हणून त्याला पाठ सरळ ठेवून चालावं लागत होतं. आबांनी सांगितलं होतं तसा तो आज चालला होता, पण ज्या पाठीला त्याचं सुख झालं असतं, ती दरीतच राहिली.

तात्पर्य: आपण पडत नाही याचा तोरा मिरवण्याआधी, आपल्याला कोण सावरतंय ते बघावं आणि त्याच्यावरचा आपला भार वेळीच हलका करावा.