चिमणीची वाटी

बालाघाटाच्या रांगेत उंबरदरा नावाचं गाव आहे. गाव तसं नवं. खरं जुनं गाव वरच्या माळावर होतं आणि तिथे आता एकही भिंत उभी नाही, नुसती जोती आहेत. काही गवतात बुडालेली, काहींच्या सांध्यांतून बोरी उगवलेल्या. लोक त्या जागेला जुनी पांढर म्हणतात. एरवी तिकडे शेळ्यांशिवाय कोणी फिरकत नाही. पण अक्षय्य तृतीया जवळ आली की गावातली तरणी पोरंपोरी खुरपी, टोपल्या आणि खराटे घेऊन माळ चढतात. एकेक जोतं गवतातून मोकळं करतात, निसटलेला धोंडा परत जागेवर बसवतात. या कामाची मजुरी कोणी मागत नाही आणि बोलावणंही कोणाला धाडावं लागत नाही. शहरात नोकरीला असलेला पोरगा रजा टाकून येतो. नाही आला तर आईच फोनवर विचारते, "मग तुझ्या वाटणीचं गवत काय मी काढू?"

तृतीयेच्या सकाळी सगळं गाव वर जातं. वेशीकडून सुरुवात करून माणसं एकेका जोत्यापुढे थांबतात आणि त्या घराची गोष्ट सांगितली जाते. मात्र ती घरच्यांनी सांगायची नाही. ती शेजाऱ्याने सांगायची.

"हे काळदात्यांचं घर," शेजारच्या घरातलं कोणी जोत्यावर चढून म्हणतं. "यांच्या पणजीशी भांडून कोणी जिंकलं नाही. पण गावात कुठलं बाळंतपण अडलं आणि ती गेली नाही, असंही झालं नाही."

"पणजीचं राहू द्या, आजोबांनी आमच्या शेताचा बांध कोरला होता ते सांगा," मागून कोणी ओरडतं. माणसं हसतात. काळदाते खाली मान घालून ऐकून घेतात, कारण पुढचं घर त्यांनाच सांगायचं असतं.

अशी सगळी घरं ओलांडत माणसं माळाच्या कडेला पोचतात. तिथे एक जोतं आहे, इतरांहून लहान. त्याच्या पायरीवर तळहाताएवढी गोल वाटी कोरलेली आहे. त्या जोत्यावर कोणी चढत नाही. तिथे गोदाआत्या पाहुण्यांना सावलीला बसवते. गोदाआत्या काळदात्यांचीच माहेरवाशीण, आता केस पांढरे झालेली, आणि पाहुण्यांना गोष्ट सांगायचा मान तिचा. ती सांगते ती गोष्ट अशी.

फार पूर्वी या माळावर नांदतं गाव होतं आणि गावात एकच पाथरवट होता. त्याचं नाव काही असेलच, पण गाव त्याला पाथरवट याच नावाने ओळखत असे. दगडाला कान लावून खाली पाणी आहे की नाही ते तो सांगे, असं म्हणतात. विहीर बांधून झाली की शेवटच्या दिवशी तो वरच्या पायरीवर एक वाटी कोरायचा. पाणी भरणाऱ्याने आधी त्या वाटीत ओंजळभर ओतावं, चिमण्यांसाठी, मग आपली घागर उचलावी. आपल्या घराच्या पायरीवरही त्याने तशीच एक कोरली होती. कोणी त्याला हसलं तर म्हणायचा, "तहान काय आपल्यालाच लागते होय?"

त्याची बायको येसू. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तोच पाऊस रुसला. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्या वर्षी विहिरींना तळ दिसला आणि जनावरं दावणीला बसली ती उठेनात. गावाने ठरवलं की पाणी असेल तिकडे जायचं. पाणी शोधायचं तर पाथरवट हवा. पण पाथरवटाची आई अंथरुणाला खिळलेली होती. तिला डोंगर उतरता येत नव्हता. पाथरवटाच्या खाणीत एक झिरा होता, त्याला रात्रभरात दोघींपुरतं पाणी साठायचं. म्हणून येसू मागे राहिली.

निघताना तो म्हणाला, "आईला बघ. यांना पाणी लागलं की माघारी येतो."

"आणि वाट चुकलात म्हणजे?"

"चुकतोय कशाला? वेशीपासून मोजत यायचं. सगळी घरं ओलांडली की शेवटी तू."

येसू तेव्हा हसली. माणसांची ओळ घाट उतरून दिसेनाशी झाली, आणि मग गावात इतकी शांतता पसरली की सासूचा श्वास अंगणात ऐकू येऊ लागला, असं सांगतात.

सासू पुढच्या उन्हाळ्यात गेली. येसूने एकटीने तिची माती केली. बातमी कशी कोण जाणे माहेरी पोचली आणि तिचा भाऊ तिला न्यायला आला.

"अक्का, चल. कोणासाठी बसलीस? गावात कावळा तरी राहिलाय का?"

"चिमण्या आहेत," येसू म्हणाली.

"चिमण्या काय भाकरी घालतील तुला?"

"दोन शेळ्या आहेत. उंबर आहेत. एका जिवाला किती लागतं?"

भाऊ चिडला, मग रडला. "तो यायचा असता तर आला असता," असंही बोलून गेला. येसूने त्याला पाणी दिलं, घाटापर्यंत पोचवलं आणि परत फिरली. घरी येऊन बघते तर पायरीवरच्या वाटीवर चिमण्या बसल्या होत्या. तिने त्यांच्यावर भावाचा राग काढला, म्हणे, आणि मग वाटीत ओंजळभर पाणी ओतलं.

त्या वर्षी वैशाखात वावटळ उठली. सकाळी येसू घाटावर सरपणाला गेली आणि मागे वळून बघते तर गाव ओळखू येईना. वेशीजवळच्या दोन घरांच्या भिंती बसल्या होत्या. नुसता मातीचा ढीग. वेशीपासून मोजत येणारा माणूस या ढिगाला घर म्हणून मोजेल का? एक घर चुकलं की पुढची सगळी चुकली. आपलं एकटीचं घर सारवून, दारात दिवा लावून काय उपयोग? तो आपल्या घरापाशी पोचणार ते सगळ्या गावावरून चालत. गाव राहिलं तर वाट राहील.

त्या दिवसापासून येसूने सगळं गाव अंगावर घेतलं. छप्परं तिच्याने सावरणार नव्हती, भिंतीही नाहीत. पण जोतं तरी राहिलं पाहिजे, उंबरा तरी दिसला पाहिजे. ती रोज एक घर घ्यायची. माती बाजूला ओढायची, धोंडा बसवायची, गवत उपटायची आणि उंबरा सारवायची. आणि काम करताना मोठ्याने बोलायची, कारण बोललं नाही तर आपणच विसरू, याची तिला भीती होती. "हे तुकारामाचं. याच्या दारात लिंब. याची म्हातारी पहाटे दळताना गायची, आवाज घोगरा. हे भागूचं. भागू उधार पीठ नेई आणि मापावर शीग लावून परत करी." गाव सोडून गेलेल्यांनाही जे आठवलं नसतं ते तिला आठवायचं. शेवटी आपल्या उंबऱ्याशी आली की मात्र ती थांबायची. नवऱ्याचं नाव बाईने घेऊ नये ही रीत. ती नुसतं म्हणायची, "आणि हे आमचं," आणि आत जायची.

पुढे पाऊस आला. झऱ्यांना वाट फुटली, माळ हिरवा झाला. पण माणसं लगेच आली नाहीत; जिथे गेली तिथे त्यांनी मुळं धरली होती. येसूचे केस पिकायला लागले तेव्हा कधीतरी घाटात बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. येसू हातातली माती तशीच घेऊन वेशीपर्यंत धावली. एकेका चेहऱ्याकडे बघत गेली. ओळ संपली.

आलेली सगळी माणसं तरणी होती. बापाच्या कडेवर बसून गेलेली, नाहीतर तिकडेच जन्मलेली. एक गडी पुढे होऊन म्हणाला, "माय, बाप मरताना म्हणाला, आपल्या गावी जा. पण घर कुठलं ते ठाऊक नाही. दारात लिंब आहे एवढंच सांगितलं."

"लिंब वठला," येसू म्हणाली. "ये, दाखवते."

तिने त्याला त्याच्या बापाच्या उंबऱ्यावर नेऊन उभं केलं. आजीच्या दळणाचं सांगितलं, आवाज घोगरा होता हेही सांगितलं. तो गडी उंबऱ्यावरच बसला आणि पोरासारखा रडला. मग सगळेच तिच्या मागे लागले. येसूने प्रत्येकाला त्याचं घर दिलं. आणि प्रत्येक उंबऱ्यावर तिने एकच विचारलं, "तुमच्या संगं पाथरवट होता. त्याचं काय झालं?"

एक म्हणाला, आमची पहिली विहीर त्यानेच खणली. दुसरा म्हणाला, मग पुढच्या गावचे लोक पाया पडत आले आणि तो तिकडे गेला. कोरड्या तोंडाने आलेल्याला त्याच्याने नाही म्हणवत नसे. तिसऱ्याच्या आईने त्याला शेवटचं बघितलं होतं. झोळीत छिन्नी-हातोडा टाकून तो निघाला होता आणि म्हणाला होता, "आता घरी जातो. सगळी घरं ओलांडली की ती आहे." त्याच्यापुढचं कोणालाच ठाऊक नव्हतं.

येसू ते ऐकून उठली, पदर खोचला आणि त्या तिसऱ्याचा उंबरा सारवायला घेतला.

ती खूप जगली. कपाळावरचं कुंकू तिने पुसलं नाही आणि कोणी पूसही म्हटलं नाही. अखेर अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तिने अंथरूण धरलं. बायका भोवती जमल्या. ज्यांची घरं तिने राखली होती त्यांच्या त्या सुना. त्यांना कळत होतं की आता हिचं घर आपल्याला राखायचं आहे, आणि हिच्या घराचं आपल्याला काहीच ठाऊक नाही.

"आई," एकजण तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "आमच्या सात पिढ्यांची नावं तुम्ही सांगितलीत. आता त्यांचं नाव तेवढं घ्या. आम्ही जपू."

येसूच्या तोंडावर नवरीसारखी लाज आली, म्हणे. ती म्हणाली, "इश्श. ते आले की त्यांनाच विचारा."

आणि डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी गाव तिच्या दारात उभं राहिलं. तिचं कौतुक सांगायला शेजारी जोत्यावर चढला, आणि "हे घर" एवढं म्हणून त्याची जीभ अडली. कोणाचं घर म्हणायचं? खाली उतरला तो कोणाकडे न बघता. तेव्हापासून त्या जोत्यावर कोणी चढत नाही. आणि तेव्हाच गावाने ठरवलं की आपल्या घराची गोष्ट आपण सांगायची नाही. माणूस आपल्या घरचं सांगताना येसूसारखा कुठेतरी अडतोच, आणि नेमकं तेच हरवतं. उंबरदऱ्याच्या बायका नवऱ्याचं नाव सरळ घेतात, उखाण्याच्या आडून नाही, तेही त्या दिवसापासूनच. नव्या सुनेला लाज वाटली तर सासूच दटावते, "घे गं, नाव हरवायचं आहे का?"

परतलेली माणसं काही पिढ्या वर राहिली, मग पाण्याच्या सोयीने खाली सरकली. जोती वर राहिली.

पुढे असं झालं की एका तृतीयेला गोदावरीकाठचा एक पाहुणा गोष्ट ऐकून उठला आणि म्हणाला, "आमच्या जुन्या विहिरीच्या पायरीवर अशी वाटी आहे." पोरं त्याच्याबरोबर गेली, बघून आली, येताना त्या विहिरीचं पाणी घेऊन आली. मग आणखी एका गावात सापडली. मग आणखी एक, ती तर इथून जवळच, घाटाच्या पायथ्याच्या पलीकडे. बुजलेल्या विहिरीची, अर्धीच कोरलेली. ती सापडली तेव्हा गावात चूल पेटली नाही, असं सांगतात. गाव सोडून जाताना घाईत अर्धी राहिली, असं काही म्हणतात. काही म्हणतात, नाही, तो येत होता. तो जात असो की येत असो, वाटी सारखीच. ती काही सांगत नाही.

आजही अक्षय्य तृतीयेला त्या सगळ्या विहिरींचं पाणी तांब्यांतून वर आणतात, बुजलेल्या विहिरीतली निदान चिमूटभर माती तरी, आणि येसूच्या पायरीवरच्या वाटीत घालतात. माणसं जरा मागे सरली की चिमण्या येतात. गोदाआत्या गोष्ट संपवून गुडघ्यांवर हात टेकवते आणि आलेल्या प्रत्येक पाहुण्याला विचारते,

"तुमचं गाव कोणतं, लेकरा? तिथे जुनी विहीर आहे का? तिच्या वरच्या पायरीवर बघितलंय कधी?"

बहुतेक जण नाही म्हणतात. मग ती म्हणते, "बघून ये. घाई नाही," आणि पुढच्याकडे वळते.