डोळे मिटणारे नगर

एका राज्यात दिवेलागणीला नगारा वाजे आणि सारी प्रजा डोळे मिटून घेई. राजाची पालखी जाई, नगारा पुन्हा वाजे, मगच डोळे उघडत. जो पाहील त्याचा दगड होईल, असा दंडक होता. चौकात असे कितीतरी दगड उभे होते. लोक त्यांच्याकडेही बघत नसत. उगाच बला नको!

त्यांतला एक दगड हंसावतीचा धाकटा भाऊ भद्रसेन. हंसावती भारी चौकस. "आई, पालखीत असतं तरी काय?"

आई म्हणे, "एक गेला तेवढा पुरे. तू मीट डोळे, बये."

एके दिवशी नगारा वाजला आणि हंसावतीने डोळे मिटलेच नाहीत. पालखी आली. भोईसुद्धा डोळे मिटून चालत होते! आत सोन्याच्या पिंजऱ्यात एक साळुंकी.

"राजा कुठे आहे?"

"मीच राजा," साळुंकी म्हणाली. "कालजंघ जादूगाराने मला पाखरू केलं. हे रूप कुणी पाहू नये म्हणून दंडक मीच काढला, आणि शाप राज्यभर पसरला. तीन कामं कर. पिंजरा उघड. नगारा फोड. आणि एका तरी माणसाला तुझ्याकडे पाहायला लाव. पाहिल्याने कुणी दगड होत नाही. पाहणाऱ्याकडे दुसरं कुणीच माणूस बघत नाही, म्हणून तो होतो."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"विचारलं कुणी? तुझा भाऊ तर बघूनच घाबरला."

हंसावतीने पिंजऱ्याची कडी काढली, तेव्हा तिची पावले दगडाची झाली होती. फरफटत जाऊन तिने अंबाड्यातला आकडा नगाऱ्यात खुपसला, तोवर गुडघे गेले. नगारा फाटला. आता तो पुन्हा वाजणार कसा? सारे नगर डोळे मिटून ताटकळत उभे राहिले.

"उघडा डोळे!" ती ओरडली.

"नगारा वाजू दे, मग बघू," तेली म्हणाला.

दगड कमरेपर्यंत चढला. हंसावतीला रडू फुटले. समोरच आई उभी होती, डोळे घट्ट मिटून.

"आई, माझ्याकडे बघ."

"मीही दगड होईन गं!"

"पाखरू म्हणतं, होणार नाहीस. खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण मी चालले, आई."

आईने डोळे उघडले.

हंसावतीचे पाय मऊ झाले. आईने तिला पोटाशी धरले, आणि मग इतक्या वर्षांत प्रथमच मान वळवून चौकातल्या आपल्या लेकाकडे पाहिले. दगडाला घाम फुटला. मायलेकींची कुजबुज ऐकून तेल्याने एक डोळा किलकिला केला, मग दुसरा. मग सगळ्यांनाच राहवेना. ज्या दगडावर नजर पडे, तो माणूस होऊन जांभई देई. साळुंकीचा राजा झाला, आणि तो खाली मान घालून प्रजेपुढे उभा राहिला. कालजंघाची जादू विरली. फाटका नगारा पुन्हा कुणी मढवला नाही.

भद्रसेन डोळे चोळत उठला आणि त्याने पहिले काय विचारले असेल?

"ताई, ती साळुंकी बोलते का गं?"