साळिंदरांच्या उतारावरचा खड्डा

एका रानात एक वयस्कर हत्ती मुखिया होता आणि एक कोल्हा त्याचा कारभारी. तिथे ओढ्याकाठी ऊब देणारे दगड सापडत. थंडीत ते गुहेत ठेवले की ओढ्याकाठचे प्राणी सुखाने झोपत. मात्र मुलांनो, ऊब संपली की त्याच दगडांत विष उरत असे. असा एक दगड हरणाच्या पाडसाने चाटला आणि ते बिचारं उठेनासं झालं. विझलेल्या दगडांचा ढीग ओढ्याशेजारी उघड्यावर पडला होता. तो खोल पुरला नाही, तर पावसाळ्यात सगळ्यांच्याच पाण्यात विष उतरणार होतं.

हत्तीने हे काम कोल्ह्यावर सोपवलं. कोल्हा हुशार, यात शंका नाही. सगळं रान पालथं घालून त्याने दूरचा साळिंदरांचा उतार निवडला. तिथली जमीन कोरडी आणि घट्ट होती. जागा खरोखरच उत्तम होती. पण विचारायला गेलं की प्रश्न येतात, आणि प्रश्नांचा कोल्ह्याला भारी कंटाळा. पाण्याचं टाकं खणायचं आहे, असं त्याने ठोकून दिलं. साळिंदरं बिचारी स्वतःच खणायला लागली.

आता साळिंदरांची एक रीत होती. नवं बीळ झालं, की ज्याने ते आखलं त्याने पहिली रात्र तिथे झोपायचं, मगच पिल्लांना जवळ येऊ द्यायचं. खड्ड्यात पाल्याखाली झाकलेलं काहीतरी टाकून कोल्हा निघाला, तेव्हा म्हातारी साळिंदरीण म्हणाली, "कारभारी, आज तुम्ही इथेच झोपा." कोल्ह्याचं पोट एकाएकी दुखू लागलं. म्हातारीने पाला बाजूला केला, खाली विझलेले विषारी दगड दिसले आणि टाक्याची थाप तिच्या ध्यानात आली. दगड पाल्यात गुंडाळून पुन्हा ढिगावर गेले आणि उताराच्या वाटेवर साळिंदरं काटे उभारून बसली. त्यांना फार वाईट वाटलं होतं.

"जागा चांगलीच आहे, मी चुकलो कुठे?" कोल्हा हत्तीजवळ कुरकुरला. हत्ती स्वतः उतारावर गेला, खाली बसला आणि दगडांचं, पाडसाचं, पाण्याचं सगळं खरं सांगून म्हणाला, "बाई, तुम्ही नको म्हणालात तर आम्ही दुसरी जागा शोधू."

म्हातारीने विचारलं, की ऊब आजवर ओढ्याकाठीच राहिली, आमच्याकडे फक्त विष का? हत्तीने मान खाली घातली. येत्या थंडीपासून उतारावरही ऊबदार दगड पोचतील आणि खड्ड्याशी राखणीला पाळीपाळीने सगळे झोपतील, असं त्याने कबूल केलं. पहिली रात्र त्याने स्वतःकडे घेतली.

"दुसरी कारभाऱ्यांची," म्हातारी म्हणाली.

त्याच खड्ड्यात दगड पुरले गेले. हत्ती शब्दाला जागला. दुसऱ्या संध्याकाळी कोल्हा शेपूट घालून आला आणि मुकाट्याने खड्ड्याच्या कडेला आडवा झाला. म्हातारीने त्याच्याखाली थोडा मऊ पाला सारला आणि विचारलं, "पोट कसं आहे आता?"

तात्पर्य : सगळ्यांचं ओझं कोणाच्या दारात ठेवायचं असेल, तर आधी खरं सांगावं, नकार ऐकायची तयारी ठेवावी आणि स्वतःही त्या ओझ्याजवळ झोपावं.