चिंचेने घासलेले नाणे

याला आता फार दिवस झाले. उर्मिलाताईंच्या संग्रहात १९५० सालची, पाच सेंटची दोन अमेरिकन नाणी होती. मखमली डबीत जागा मात्र एकाचीच होती.

धूर्त नाणे भोळ्याला म्हणाले, "तोंड किती काळवंडलंय तुझं. उंदराकडून चिंचेने घासून घे."

भोळ्याला ते पटले. उंदराने त्याला घासून लख्ख केले.

सकाळी ताई हळहळल्या. "घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाहीत," असे म्हणून त्यांनी ते लेकीला खेळायला दिले. धूर्त नाणे ऐटीत मखमलीवर बसले आणि डबीला कुलूप लागले.

भोळे अंगणात लंगडीच्या चौकोनांतून उन्हात घरंगळू लागले. मुली खिदळत होत्या.

डबीतून आवाज आला, "बाहेर काय चाललंय रे?"

"मग सांगतो. आता माझा डाव आहे."