कुंकवाचे दाणे

बांधाबांधावर उंदरांचा संसार होता, त्या काळची गोष्ट. भिवा उंदराच्या लेकीचं, चिंगीचं लग्न ठरलं. बायको सारजा म्हणाली, "अहो, निम्मी कणसं लग्नाला काढा, निम्मी पावसाळ्याला राहू द्या."

"चार लोकांत माझं नाक कापायचंय का?" म्हणत भिवाने सगळं शिवार जेवायला बोलावलं. कोठार रिकामं झालं. पाहुणे वाहवा करत गेले. सारजा मात्र मांडवात सांडलेल्या, कुंकू लावलेल्या ज्वारीच्या अक्षता वेचत बसली.

श्रावणात चिंगी पहिल्या सणाला माहेरी आली. सारजाने तिच्यापुढे मूठभर लाल दाणे ठेवले. भिवाने ते ओळखले.

चिंगीने दोन खाल्ले आणि उरलेले बापापुढे सरकवले. "पोट भरलं, आबा," ती म्हणाली.

भिवाची मान काही वर झाली नाही.